ओळख देणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव

मॅडम, सप्रेम नमस्कार.

सुटून आलेल्या बंद्यांची कामं तुमच्याकडे असायची. तुमची बदली झाल्याचं ऑफिसात आल्यावरच कळलं. पेढ्यांचा पुडा शिपाईदादांच्या हातात ठेवला आणि परत फिरले. तोंडावर बोलायचं होतं ते आता असं चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ज्यांनी दारातूनच परत पाठवलं त्यांचीही नावं घालत नाही, कागद पुरायचा नाही.

बांधावरून भांडण झालं, त्यात एक माणूस गेला आणि माझ्या नवऱ्याला जन्मठेप झाली. हे मी लपवत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं दुःख आमच्याहून मोठं, म्हणून सुटल्यावर गावात पाऊल ठेवायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. लोक म्हणतात, जन्मठेप म्हणजे काय, चौदा वर्षं. अहो, खुनाच्या शिक्षेत सरकार सुटकेचा विचारच मुळी चौदा वर्षांनंतर सुरू करतं, आणि विचार म्हणजे सुटका नव्हे. तेवढ्यात लेकरं मोठी होतात, सासू-सासरे जातात.

हे कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगातून बाहेर आले तेव्हा हातात सुतारकाम होतं. तिथेच शिकले. कळंब्यातल्या बंद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून लोकांनी डोक्याला लावून खाल्ले आहेत. तिथूनच सुटून आलेला माणूस फर्निचरच्या दुकानात काम मागायला गेला की मात्र मालक खाली मान घालून मोबाईल चाळायला लागतो. बरं, कागद तरी असावेत? रेशनकार्डावरचं नाव कधीच कमी झालेलं. ते चढवायला रहिवासाचा पुरावा हवा, पुराव्याला भाडेकरार हवा, कराराला घरमालक हवा, आणि घरमालकाला आधी सगळी कुंडली हवी. एका साहेबांनी तर ह्यांच्यासमोरच मला विचारलं, "ह्यांना परत कशाला घरात घेताय?" निवडणुकीत आमच्या गल्लीत हात जोडून फिरलेले एक पुढारी 'बघतो' म्हणाले. अजून बघतच आहेत.

शेवटी तालुक्याच्या गावात एक खोली मिळेल असं झालं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायचा फॉर्म असतो, त्यात ओळख देणाऱ्या दोघांची नावं लागतात. एक माझ्या शिवणाच्या बाईंनी दिलं. दुसऱ्यासाठी सख्ख्या नात्यातल्या माणसांनीही फोन उचलले नाहीत. फॉर्म घेऊन तुमच्याकडे आले ती फक्त विचारायला, की दुसरा रकाना रिकामा सोडला तर चालेल का. तुम्ही कुणाच्या तरी फाइलीत होतात. मान वर न करताच फॉर्म ओढून घेतलात, तुमचं पूर्ण नाव लिहिलंत, हुद्दा लिहिलात. ऑफिसचा नंबर तिथे चालला असता. तुम्ही स्वतःचा मोबाईल नंबर घातलात, आणि सात आकडा नीट उमटला नाही म्हणून त्यावरून पुन्हा पेन फिरवलंत. "मालकांना म्हणावं, रात्री नऊपर्यंत उचलते." एवढं बोलून परत फाइलीत. मी जिन्यात येऊन रडले हे तुम्हाला माहीत नसणार.

मालकांनी त्याच रात्री फोन लावला. तुम्ही काय बोललात ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. सकाळी किल्ली दिली आणि ह्यांना विचारलं, "आमच्या मोरीचं दार फुगलंय, बघाल का?" सुटल्यानंतरचं पहिलं काम ते.

पुढे मुक्तबंद्यांच्या मदतीचा अर्ज, आधारवरचा पत्ता, हे सगळं तुम्हीच मार्गी लावलंत. त्याचे आभार आहेतच, पण तो तुमच्या कामाचा भाग. तो मोबाईल नंबर कामाचा भाग नव्हता.

आणि इथेच सरकारला दोन शब्द सुनवायचे आहेत. आत असताना माणसासाठी योजना निघतात, नाही असं नाही. गरीब बंद्यांच्या जामिनाचे, दंडाचे पैसे भरायची केंद्राची योजना 2023 पासून आहे. येरवड्यात 2022 मध्ये बंद्यांना 50 हजारांपर्यंत कर्ज द्यायची 'जिव्हाळा' योजना सुरू झाली, चांगलीच आहे. पण सगळा जिव्हाळा फाटकापर्यंत. फाटकाबाहेर माणूस पिशवी घेऊन उभा राहिला की तो कुणाचाच नसतो. सुटलेल्यांची पुढची काळजी घ्या, हे तुरुंग सुधारणेसाठी नेमलेल्या मुल्ला समितीने 1983 मध्ये सांगून ठेवलंय, लेकीने वाचून दाखवलं. म्हणजे माझं लग्नही झालं नव्हतं तेव्हा. सुटायच्या आधी सहा महिने आतच रेशनकार्ड, आधार, बँकेचं खातं करून द्यायला काय हरकत आहे? माणूस कुठे पळून जाणार आहे का? आणि सुटल्यावर पहिलं वर्षभर राहायची सोय आणि कुणीतरी एक अधिकारी, ज्याच्याकडे जाता येईल. तुमच्यासारख्या एका बाईच्या गळ्यात अख्खा जिल्हा, वर बालगृहाची कामं, वर कोर्टाचे अहवाल. कसं करायचं माणसाने?

फार लांबची उदाहरणं नकोत. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची बंद्यांची खुली वसाहत औंध संस्थानाच्या काळापासून आहे. तिथे बंदी बायकोपोरांसह राहतात, शेती करतात. एका छोट्या संस्थानाला सुचलं ते एवढ्या मोठ्या राज्याला जिल्ह्याजिल्ह्यात का जमू नये?

चांगली माणसं असतात हो. शिवणाच्या बाई आहेत, घरमालक आहेत. पण चांगलं माणूस भेटणं हे नशिबावर का असावं? तुम्ही त्या दिवशी रजेवर असतात तर?

तुमच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, टेबल रिकामंच आहे. ते लवकर भरावं म्हणून मी वरच्या कार्यालयात अर्ज टाकलाय, त्याची पोच माझ्याकडे आहे. सुटून आलेल्या आणखी चार घरांच्या त्यावर सह्या आहेत. तुम्ही नव्या गावी बिऱ्हाड मांडलं असेल. कपाट, पाट, देव्हारा, काय लागेल ते कळवा. हे म्हणतात, मजुरी घेणार नाही. मी म्हणते, लाकडाचे पैसे तरी घ्या, मॅडम फुकट काही घ्यायच्या नाहीत.

तुमची,
खोली मिळालेली एक बाई