गच्चीवरची बाग: आधी वजन, मग वाफे

संपादक महाशय,

शहरात गच्चीवर भाजी-फुले लावणारे हात वाढत आहेत, याचा मनापासून आनंद आहे. पण रोपांविषयी सगळे भरभरून बोलतात, वजनाचा विषय मात्र मागे राहतो. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड भरते. गच्चीवर फूटभर जाडीचा थर दिला, की दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भार! स्लॅबला तो पेलेल का, हे अभियंत्याला आधी विचारायलाच हवे. माती थेट स्लॅबवर पसरू नये. मुळे आणि सततची ओल जलरोधक थर खराब करतात. कुंड्या विटांवर ठेवल्या तर पाणी अडत नाही आणि गळतीही वेळेत दिसते. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट मिसळले की भार बराच हलका होतो. पालेभाजीला वीतभर खोली पुरते, टोमॅटो-वांग्याला फूटभर तरी हवी.

आणि फुलांना केवळ शोभेची समजू नका. भोपळा, कारले यांची नर व मादी फुले वेगळी असतात. मधमाश्या आल्या नाहीत तर इवलीशी फळे पिवळी पडून गळतात आणि लोक उगाच खत वाढवत बसतात. शेजारी झेंडू, तुळस फुलू द्या. तोवर सकाळी नर फुलाचे पराग मादी फुलाला हाताने लावा (दुधीची फुले मात्र संध्याकाळी उमलतात). फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक