डिझेल गाडी घेण्याआधी एका फेरीचे अंतर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून ‘डिझेलच घे, परवडते’ हा सल्ला कोल्हापुरात सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याच्या डोक्यात बहुधा २०१२ सालचा हिशेब असतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेल हळूहळू वाढवत नेले गेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यावरचे दरनियंत्रण उठले आणि जून २०१७ पासून दोन्हींचे दर रोज ठरू लागले. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक होता, तो १२-१४ रुपयांवर आला.

एकाच आकाराच्या दोन गाड्या घेऊ. पेट्रोलचे खरे ॲव्हरेज १४, डिझेलचे १८. (कंपनीच्या पत्रकातला आकडा हिशेबाला घेऊ नये, तो प्रयोगशाळेतला असतो.) २०१२ च्या दराने पेट्रोल किलोमीटरला ५ रुपये २१ पैसे पडे आणि डिझेल २ रुपये २८ पैसे, म्हणजे निम्म्याहून कमी. आज पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरले तर हेच आकडे ७ रुपये ४३ पैसे आणि ५ रुपये ६ पैसे होतात. किलोमीटरमागे २ रुपये ३७ पैसे वाचतात. त्यातून डिझेलच्या सर्व्हिसिंगचा जादा खर्च, महागडा फ्यूएल फिल्टर आणि ऑइल मिळून ४५ पैसे वजा करा. हातात उरतात १ रुपया ९२ पैसे.

आता घेतानाचा फरक. पेट्रोल गाडी १२ लाखांची असेल तर तशीच डिझेल साडेतेरा लाखांच्या आसपास जाते. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १४ टक्के. पेट्रोलचा टॅक्स १ लाख ४४ हजार होतो, डिझेलचा १ लाख ८९ हजार. विम्याचा फरक धरला की ऑन रोड दोन लाखांचे अंतर पडते, आणि ते दोन लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जावर घेतले तर अडीच लाख फेडावे लागतात. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तसा १२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांचाही आला. डिझेलच्या पदरात वेगळे फारसे काही पडले नाही.

अडीच लाख भरून निघायला १ लाख ३० हजार किलोमीटर गाडी पळावी लागते. महिन्याचे रनिंग अडीच हजार असेल तर साडेचार वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. रनिंग एक हजार असेल तर जवळजवळ अकरा वर्षे लागतात. कोगनोळीजवळची सीमा ओलांडून कर्नाटकात निपाणीला टाकी फुल करायला जाणाऱ्यांचे गणितही याच जातीचे आहे. जाऊन-येऊन ८० किलोमीटर म्हणजे डिझेलचे ४०० रुपये, आणि लिटरला तीन रुपये जरी वाचले तरी ४५ लिटरच्या टाकीत १३५ रुपयेच सुटतात.

इथपर्यंतचा हिशेब कागदावर कुणीही मांडेल. शोरूममध्ये जे सांगितले जात नाही ते पुढे आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे, कडक निकष आले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी बसली. ‘पाहुण्यांची डिझेल दोन लाख किलोमीटर विनातक्रार पळाली’ हा दाखला बहुतेक वेळा बीएस-४ गाडीचा असतो. बीएस-४ च्या छोट्या इंजिनांना ही जाळी नव्हती.

जाळीत साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागते. हायवेवर इंजिन तापलेले असते, काम सोपे जाते. राजारामपुरीतून मुलांना शाळेत सोडायचे, तिथून महाद्वार रोड, मग घरी, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत धूर तेवढा तापतच नाही. मग गाडी स्वतःच जास्तीचे डिझेल फवारून जाळी तापवायला घेते. आयडलिंगचे आरपीएम थोडे चढतात, ॲव्हरेजचा आकडा घसरतो, करपल्यासारखा वास येतो, चावी काढली तरी रेडिएटरचा फॅन फिरत राहतो. नेमक्या त्याच वेळी गाडी बंद केली की काम अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरते. म्हणून या गाड्यांत ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली सापडते. दर हजार किलोमीटरला, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, डिपस्टिक पाहा. ऑइल वरच्या खुणेपलीकडे गेले असेल, बोटावर पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता ऑइल बदला. पातळ ऑइलवर पहिला बळी टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगचा जातो.

डीपीएफचा दिवा लागला तर घाबरू नये, पण टाळूही नये. टाकीत पाव भागाहून जास्त डिझेल ठेवा, कारण इंधन कमी असेल तर बऱ्याच गाड्या जाळी साफ करायला घेतच नाहीत. तावडे हॉटेलवरून हायवेने किणी टोलनाक्याच्या दिशेने निघा, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २००० ते २५०० आरपीएम राखा आणि ६० च्या वर वेग ठेवून सलग वीस मिनिटे चालवा. (सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमध्ये सलग वीस मिनिटे मिळणे हे निराळेच प्रकरण.) दिवा लुकलुकत राहिला किंवा पिकअप गेला तर फेऱ्या मारणे थांबवून स्कॅनर लावून घ्या.

जाळी काजळीने भरते तशी राखेनेही भरते, आणि राख जळत नाही. ती ऑइलमधल्या रसायनांची असते. त्यामुळे डब्यावर ‘सी-२’ किंवा ‘सी-३’ असा कमी राखेचा, मॅन्युअलमध्ये असेल तोच दर्जा बघूनच ऑइल घ्यावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बॅरलमधले ऑइल या गाडीत ओतू नये. तीच गोष्ट डीईएफची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करायला त्यात फवारल्या जाणाऱ्या द्रवाची. ते काही गाड्यांनाच लागते, आणि त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया व बाकी क्षाररहित पाणी असते. गोठ्याशेजारच्या पोत्यातला निमकोटेड युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून टाकला तर त्याचा इंजेक्टर चोंदतो. डीईएफ संपू दिले तर इशारे देऊन झाल्यावर गाडी सुरूच होत नाही. जाळी काढून कोरी नळी जोडून देणारेही भेटतात. ते बेकायदा आहे आणि पुढे पीयूसी, वॉरंटी, विमा या तिन्ही ठिकाणी अंगाशी येते.

मग डिझेल घ्यावेच कुणी? रोज सांगलीला किंवा महिन्यातून पाच-सहा वेळा पुण्याला जाणाऱ्याने, भरल्या गाडीनिशी आंबा किंवा गगनबावड्याचा घाट नेहमी चढणाऱ्याने. दीड लिटरचे डिझेल इंजिन १५०० आरपीएमला २५० न्यूटन-मीटर ओढ देते, टर्बो नसलेले तेवढेच पेट्रोल इंजिन ४५०० ला १४४ देते. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन चढताना हा फरक पायाला कळतो. घाट चढून थांबलात की चावी काढण्याआधी अर्धा-एक मिनिट इंजिन आयडलवर ठेवा, टर्बो निवू द्या.

गावातल्या गावात फिरणाऱ्यांना पेट्रोलच बरे. आता त्यात २० टक्के इथेनॉल असते, काही आपल्याच उसाचे. लिटरमागे ऊर्जा निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी, तेव्हा ॲव्हरेज आजच्या पेट्रोलवरचेच धरा, आणि एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर इंधनाच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा तपासा. रनिंग दीड-दोन हजार असून बरेचसे शहरातच असेल तर सीएनजी पाहावा. बऱ्याच गाड्यांत डिकी जाते, पंपावर रांग लागते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते.

शोरूमवाल्यांना एकच विनंती. बुकिंगच्या फॉर्मवर रंग आणि ॲक्सेसरीजच्या वर दोन रकाने छापा, ‘महिन्याचे रनिंग’ आणि ‘नेहमीच्या एका फेरीचे अंतर’. दुसऱ्या रकान्यात दहापेक्षा कमी किलोमीटर लिहिले गेले, तर डिझेलची टेस्ट ड्राइव्ह देण्याआधी डीपीएफच्या दिव्याबद्दल मराठीत समजावून सांगा.

कळावे,
आपला,
एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर