पासिंगच्या वेळी ब्रेकचे आकडे मालकाच्या हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्याकडे २००९ सालची पिकअप आहे. मीटरवर ४ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. आठवड्यातले चार दिवस ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी उचलून ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवते. डिसेंबर-जानेवारीत कांद्याचा हंगाम लागला की रात्री मोहोळकडच्या गावांतून पिशव्या भरायच्या आणि पहाटे मार्केट यार्डात उतरवायच्या. माझ्या दोन्ही मुलांचं शिक्षण याच गाडीवर झालं. पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरसकट भंगारात घाला, असं हल्ली जो तो बोलतो. त्याबद्दल एका चालत्या गाडीचा मालक म्हणून लिहितोय.

या गाडीनं मला एकदाच मरणाच्या दारात नेलं. साल २०१५, मे महिना. तेव्हाच्या उस्मानाबादकडून हरभऱ्याचे कट्टे भरून मी सोलापूरला येत होतो. तुळजापूर सोडून घाट उतरताना मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून होतो. तिसऱ्या वळणानंतर पेडल मऊ लागलं आणि पुढच्या वळणाला थेट फळीला टेकलं. गिअर दुसऱ्यात घातला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत राहिलो आणि डोंगराच्या बाजूला गाडी घासत नेऊन थांबवली. माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ बसला होता. अर्ध्या तासानं ब्रेक पहिल्यासारखे लागायला लागले. सोलापुरात आल्यावर मिस्त्रीनं ब्रेक ऑईलची टाकी उघडून दाखवली. आतलं ऑईल काळ्या चहासारखं झालं होतं. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळतं, घाटात ब्रेक तापले की पाइपात वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक दाबला जात नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. मी सहा वर्षं बदललं नव्हतं.

त्या दिवशी माझी गाडी फक्त सहा वर्षांची होती. रंग चकचकीत, पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी चालू, कागदपत्रं पूर्ण. भंगारात घाला म्हणणाऱ्या कुणालाही ती धोक्याची वाटली नसती.

तेव्हापासून मी दोनशे पानी वही ठेवली आहे. ऑईल, फिल्टर, ब्रेक ऑईल, लायनर, बुश, जे जे बदललं ते तारखेसह आणि मीटरच्या आकड्यासह लिहितो. इंजिन एकदाच खोललं, ३ लाख १० हजारांवर, निळा धूर दिसायला लागला तेव्हा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, बऱ्याचदा एअर फिल्टर चोंदलेला नाहीतर नोझल खराब. पांढरा धूर गरम इंजिनातही येत राहिला तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून बरेच जण रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार नळ्यांमध्ये बसतात आणि मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की गाडी रस्त्यात उकळते. कूलंटचा एक डबा त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पाट्यांबद्दल, म्हणजे मागच्या चाकांवर भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांबद्दल. माझ्या गाडीची क्षमता साडेबारा क्विंटल, म्हणजे ५० किलोच्या २५ पिशव्या. हंगामात आडतीवर भाव चढला की शेतकरी म्हणतो, "मालक, चाळीस घ्या, एकाच खेपेत होऊ द्या." त्यासाठी मागच्या बाजूला जादा पाटा टाकून घेणाऱ्या गाड्या आपल्या जिल्ह्यात किती तरी आहेत. गाडी बसत नाही, हौदा (माल भरायचा मागचा भाग) ताठ राहतो, मालक खूश. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला त्यावरून तो गाडीत माल किती आहे ते ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढा दाब सोडतो. जादा पाटा टाकला की हौदा बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी मोकळी आहे, आणि दोन टन कांदा घेऊन पळणाऱ्या गाडीच्या मागच्या ब्रेकला मोकळ्या गाडीचा दाब मिळतो. माझ्या ओळखीच्या कित्येक चालकांना हे ठाऊक नाही. मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. गाडी एक वर्षाची असो की सोळा वर्षांची, हा धोका सारखाच.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं. हा नियम मला मान्य आहे, तो हवाच. दुःख याचं होतं की पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर चढवायचे, रेडियमच्या पट्ट्या मारायच्या, रंगाचा हात फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जुने टायर परत घालायचे, हे आम्ही गाडीवालेच करतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक दिसली तरी आपल्या उन्हात जुनं रबर आतून तडकतं. भाड्यानं टायर आणणाऱ्यानं घरच्यांना त्याच गाडीत बसवून पंढरपूरला नेण्याआधी एकदा आपल्या जुन्या टायरवरचे ते आकडे वाचावेत.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मान्य करतो. २०१० साली देशातल्या ज्या १३ शहरांत बीएस फोर, म्हणजे गाडीच्या धुराचं कडक मानक, आधी आलं, त्यात आपलं सोलापूर होतं. माझी गाडी त्याआधीची आहे आणि नव्या गाडीपेक्षा ती जास्त धूर सोडते, पीयूसी पास झाली तरी. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घातली गेली ती तिथल्या हवेमुळे. पण २०२१ च्या देशव्यापी धोरणानं खासगी मालकाच्या गाडीला केवळ वय बघून भंगारात घालायला सांगितलेलं नाही, तपासणीत नापास झाली तर सांगितलंय. नवी पिकअप आज नऊ-दहा लाखांची. महिन्याला सतरा-अठरा हजारांचा हप्ता एका गाडीवर पोट असणाऱ्यानं कांद्याचा हंगाम सरल्यावर कुठून भरायचा? तो हप्ता फेडायलाच मग चाळीस पिशव्या भरल्या जातात.

म्हणून संबंधित अधिकाऱ्यांना आपल्या पत्रातून माझी विनंती आहे. रोलरच्या यंत्रावर प्रत्येक चाकाचा ब्रेक किती लागतो ते आकड्यात कळतं. ती तपासणी प्रत्येक मालवाहू गाडीची व्हावी, नवी असो वा जुनी, आणि चारही चाकांचे आकडे छापून मालकाच्या हातात द्यावेत. पास-नापास एवढाच शिक्का नको. डावं मागचं चाक कमी धरतंय हे कागदावर दिसलं तर मी त्याच संध्याकाळी मिस्त्रीकडे जाईन. जादा पाटे मोजावेत आणि काढायला लावावेत. टायरचे आकडे प्रमाणपत्रावर लिहावेत, म्हणजे रस्त्यावर थांबवल्यावर कुणालाही ताडून बघता येतील.

पुढच्या महिन्यात माझ्या गाडीचं पासिंग आहे. रोज ज्या टायरवर चालते त्याच टायरवर ती नेणार आहे, आणि सोबत वही.

आपला,
एक पिकअपमालक
अक्कलकोट रोड, सोलापूर