कुलसंमेलनाच्या वर्गणीत वाचनालयाचाही वाटा असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर गुहागर तालुक्यातील मूळ गावी आमच्या घराण्याचे कुलसंमेलन झाले. कुलदेवतेला अभिषेक, पूर्वजांच्या तसबिरींचे पूजन, ज्येष्ठांचा सत्कार आणि पंगत हा रिवाज याही वेळी पाळला गेला. मात्र यंदा एक गोष्ट नवी घडली आणि ती इतर कुलमंडळांपर्यंत पोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या एका काकूंनी माळ्यावरच्या पेटीतला जुन्या कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सभेपुढे आणून ठेवला. गाठ सोडून पहिली घडी उलगडताच ओली शाई टिपण्यासाठी लिहिणाऱ्याने टाकलेल्या वाळूचे कण टेबलावर सांडले. हातकागदावरची काजळाची शाई अजून काळीभोर होती; उलट आजोबांच्या काळातली, गिरणीच्या कागदावरची पत्रे घडीवर तुटत होती, आणि कोणीतरी काळजीपोटी लावलेल्या चिकटपट्टीने काही ओळी पिवळ्या डागाखाली गडप झाल्या होत्या. मोडी वाचता येणारे आमच्यात एकही माणूस नव्हते. आम्ही कुलवृत्तांत छापला, वंशवेल काढली, पण ज्या कागदांवर ती उभी आहे त्यांची चौकशी कधी केली नाही, याची खंत सर्वांनाच वाटली.

तालुक्यातील जुन्या वाचनालयाच्या मोडी जाणकारांनी दुसऱ्या दिवशी चार-पाच कागद वाचून दाखवले. त्यांत आमच्या पूर्वजांपेक्षा खोतीतील (कोकणातील गावच्या सारावसुलीच्या वतनातील) जमीन कसणाऱ्या कुळांची, सुतार-कुंभारांची आणि त्यांच्या शेतांची नावेच अधिक निघाली. खोती १९४९ च्या कायद्याने संपली. परंतु त्या कुळांच्या वंशजांना आपल्या पणजोबांचे नाव कदाचित याच रुमालात सापडेल. असा कागद एका घराच्या माळ्यावर ठेवण्याचा अधिकार आम्हाला आहे असे मला वाटत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघर हिंडून असेच रुमाल मिळवले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आता निदान आपण होऊन ते वाचनालयापर्यंत नेणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

शिल्लक वर्गणी आम्ही वाचनालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या दप्तरासाठी दिली आणि मूळ कागद लेखी करार करून सोपवले. चिपळूणच्या २०२१ च्या पुरात तिथल्या वाचनालयाचे ग्रंथ भिजले होते, याची आठवण काहींनी करून दिली व ती रास्तच होती. म्हणून वरच्या मजल्यावरील लोखंडी कपाटे आणि स्कॅनिंग यांवरच ही रक्कम खर्च व्हावी असे ठरले असून प्रती तीन घरांत राहतील.

मे महिन्यात अनेक घराण्यांची संमेलने भरतात. त्यांच्या कार्यवाहांनी निमंत्रणपत्रिकेत ‘घरातील जुने कागद न चिकटवता, प्लॅस्टिकात न घालता, आहेत तसे आणावेत’ अशी एक ओळ छापावी आणि जमाखर्चात वाचनालयाचे एक खाते उघडावे, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
एक वाचक