कळसूबाईच्या शिडीवर पाऊस नव्हे, वारा अडवतो

मा. संपादक,

जुलैच्या शेवटच्या रविवारी भाचा, भाचेसून आणि मी पायथ्याच्या बारी गावाहून कळसूबाई चढत होतो. माझी ही अकरावी खेप. वय 57. पहाटे सिन्नरहून निघताना भाच्याने मोबाईलवर नगर जिल्ह्याचा अंदाज पाहिला, तर हलक्या सरी. अंदाज खोटा नव्हता, पण तो जिल्हा केवढा! नगर शहर कळसूबाईपासून शंभराहून अधिक किलोमीटर लांब. तिकडे पेरणी करून लोक आभाळाकडे बघत बसतात आणि इकडे अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीचा पाऊस इंचांत मोजतात. शिवाय त्या अंदाजात 1646 मीटरवरच्या वाऱ्याबद्दल अवाक्षर नव्हते.

खाली पाऊस होता, पण सोसवेल असा. डोंगराच्या धारेवर आलो आणि वारा अंगावरच आला. शिडीपाशी ही मोठी रांग. चढताना अंग तापलेले असते, म्हणून भिजलेले कळत नाही. रांगेत पाऊण तास उभे राहिलो आणि तेच ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेऊ लागले. भाचेसुनेच्या अंगात जीन्स आणि सुती कुर्ता. वरून घातलेला पोंचो शिडासारखा फुगून तिला कठड्यावरून बाजूला खेचत होता. आधी ती कुडकुडत होती. मग कुडकुडणे थांबले, तेव्हा मला बरे वाटण्याऐवजी धास्ती वाटली, कारण तिचे बोलणे जडावले होते, विचारलेल्याला उत्तर उशिरा येत होते. खडकाच्या आडोशाला नेऊन ओला कुर्ता उतरवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवलेला माझा लोकरीचा स्वेटर घातला, गूळ-शेंगदाणे भरवले आणि तिथूनच उतरायला लागलो.

वर देवीचे देऊळ फार दूर नव्हते. भाचा म्हणाला, "मावशी, एवढं आलोय..." त्याची हळहळ मला समजते. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ओल्या लोखंडी शिडीवर, मागेपुढे माणसे असताना, एका झोताने एकाचा पाय सुटला तर खालच्या दहा जणांचे काय? त्याच वेळी रांगेतली तरुण मुले एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने मोबाईल धरून उभी होती. नाणेघाटात धबधब्याचे पाणी उलटे वर उडते ते पाहायला आपण गर्दी करतो. पडते पाणी माघारी फिरवणारा तो वारा कड्यावरच्या माणसाला काय करील, हे तिथे उभे असताना मनात यायला हवे.

खाली टपरीवर चहा घेताना तिथल्या बाई म्हणाल्या, "बरं केलं बाई. असं वारं सुटलं की आमची माणसं बी वर जात न्हाईत." हेच त्यांनी सकाळी सांगितले असते, पण त्यांना विचारायला कुणी थांबतच नाही. मीही थांबले नव्हते.

दरवर्षी अपघात झाला की सरसकट बंदीची मागणी होते. मला ती मान्य नाही. पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी बारीची कितीतरी घरे चहा-भजी, जेवण आणि वाटाड्याच्या कामावर चार पैसे मिळवतात. शिवाय इथे अडवलेली माणसे घरी जात नाहीत, शेजारच्या अनोळखी वाटांवर घुसतात. माझी मागणी एवढीच : माथ्यावर वारा मोजण्याचे साधे यंत्र बसवा आणि त्याचा आकडा बारीत पायथ्याच्या देवळापाशी फळ्यावर लावा. वाऱ्याच्या दिवशी पहिल्या शिडीच्या खालीच थोडी थोडी माणसे सोडा, म्हणजे धारेवर रांग साचणार नाही. आणि शिडी कधी बंद करायची, हे ठरवण्याचा अधिकार गावातल्या तरुणांना द्या, त्याचा मोबदलाही द्या. तो डोंगर ते रोज पाहतात.

भाचेसून आता बरी आहे. दिवाळीनंतर आम्ही तिघे पुन्हा जाणार आहोत.

– एक निवृत्त शिक्षिका, सिन्नर