समाज म्हणजे नेमका कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या पुरवणीतला ‘मुलींनो, सावरा’ हा लेख वाचला. लेखिका समुपदेशक आहेत, त्यांचा अनुभव मोठा असणार, तेव्हा आदर ठेवूनच लिहिते. अविवाहित मुलींनी गर्भपाताचा निर्णय घेण्याआधी घरच्यांना विश्वासात घ्यावे, कारण समाज क्षमा करत नाही, असे त्या म्हणतात. हा समाज मला गेल्या पावसाळ्यात भेटला. एका नावाजलेल्या खासगी दवाखान्याच्या काउंटरमागे बसला होता, गळ्यात आयकार्ड होते.

माझी भाची २३ वर्षांची, नोकरी करणारी. सातवा आठवडा होता, म्हणजे गोळ्यांनी काम भागण्यासारखे. काउंटरवरच्या बाईंचा पहिला प्रश्न, “मिस्टर आलेत का? सही लागेल.” लग्न झालेले नाही म्हटल्यावर, “मग आईवडिलांना घेऊन या.” मी म्हटले, मी मावशी आहे आणि मुलगी सज्ञान आहे. त्यावर त्यांनी मागे वळून मोठ्याने विचारले, “मॅडम, अनमॅरीड एमटीपी आहे, घ्यायची का?” (एमटीपी म्हणजे गर्भपात.) बाकांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या.

आत डॉक्टरबाईंनी संस्कारांवर बरेच ऐकवले. पहिलेच आहे, पुढे राहिले नाही तर काय, लग्नच का उरकून घेत नाही. ज्याच्याशी उरकायचे तो बाहेर फाईल आणि पाण्याची बाटली घेऊन बसला होता. त्याला त्याच काउंटरवाल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “भाऊ का? किती काळजी रे बहिणीची!” आणि पंख्याखालची खुर्ची दिली. फाईलवर ‘सौ.’ त्यांनी आपणहून लिहिले, बरे दिसते म्हणून.

माझ्या सुनेला दुसरे मूल इतक्यात नको होते, तेव्हा याच दवाखान्यात गेलो होतो. कोणी चकार शब्द विचारला नाही, उलट चहा आला. भाचीचे बिल त्याच्या दुप्पट. कारण काय, तर “अशा केसमध्ये रिस्क असते.” कायदेशीर कामाला चोरबाजाराचा भाव!

लेखात कायद्याची एक ओळ नाही, म्हणून सांगते. १९७१च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईला फक्त तिची स्वतःची सही पुरते. पालकांची सही १८ वर्षांखालच्या मुलीसाठी. नवऱ्याची कधीच लागत नव्हती. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसले हे कारण लग्न न झालेलीलाही सांगता येते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतूनही अविवाहितेला वगळता येणार नाही असा निकाल दिला. आणि रुग्णाचे नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वेटिंग रूममध्ये ओरडून सांगणे त्यात बसते की नाही, हे एखाद्या वकील वाचकाने कळवावे.

घरच्यांना विश्वासात घ्यायला हरकत कोणाची आहे? पण माझ्या बहिणीच्या घरी हे कळले असते तर भाचीची नोकरी त्याच आठवड्यात सुटली असती आणि महिन्याभरात पोरीला कुठेतरी उजवून टाकली असती. समुपदेशकबाई येणार होत्या का मध्ये पडायला?

दर ३ जानेवारीला तुम्ही सावित्रीबाईंचा फोटो छापता. त्यांनी आणि जोतीरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांनी तिथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे असे जाहीर केले होते. गुप्तपणे! त्या काळी दोघांना सुचले ते आजच्या एसी दवाखान्याला सुचत नाही.

फोटोवरून आठवले. लेखासोबत गुडघ्यात डोके खुपसून बसलेली मुलगी होती. दहावीच्या निकालाला, आत्महत्येला आणि याला तुम्ही तीच मुलगी वापरता. भाची घरी आली, वरणभात जेवली, दोन दिवस झोपली आणि सोमवारी कामावर गेली. तिचा फोटो काढला असता तर तुमच्या काही उपयोगाचा झाला नसता.

नाव आणि पत्ता सोबतच्या कागदावर आहे. तो छापू नये. मागे पाणीपुरवठ्याच्या पत्राखाली, छापू नका असे लिहूनही, तुम्ही माझे नाव वाडीसकट छापले होते आणि नगरसेवक घरी येऊन गेला. तेव्हा चालून गेले. या वेळी भाचीचा प्रश्न आहे.

– एक वाचक, सातारा