गुडघ्यांच्या डॉक्टरीणबाईंना, गिरगावातल्या मावशीकडून

प्रिय डॉक्टर मॅडम,

चिठ्ठीवरची तुमची सही काही केल्या लागत नाही. दवाखान्यात जाऊन विचारलं तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "त्या इंटर्न होत्या, गेल्या दुसरीकडे." म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कुणी ओळखलं तर पोचवेल. वयाने तुम्ही माझ्या धाकटीएवढ्या, पण पांढऱ्या कोटाला अगं-तूगं करायला जीभ उचलत नाही, तेव्हा अहो-जाहोच बरं.

मी ती पोळीभाजी केंद्रवाली. चाळीत तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्टचा प्रश्नच नाही, आणि खाली गाळ्यात दिवसभर उभं राहायचं. आता आठवले असेन.

तुमच्याकडे येण्याआधी मला मिळालेले सगळे सल्ले 'नको'ने सुरू होत. जिना नको, चालू नको, उभी राहू नको. शेजारच्या वहिनींनी महानारायण तेल दिलं, कुणी एरंडाची पानं गरम करून बांधायला सांगितली, आणि "वंगण संपलंय तुमचं" हे तर अख्ख्या चाळीने सांगून झालं होतं. तुम्ही एक्स-रे बघितलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा."

मी सगळं सांगितलं. गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासात उकिडवं बसून उठताना दाराची कडी धरते, हे सांगताना आवाज आपोआप खाली गेला. तुम्ही मात्र मान वर न करता चिठ्ठीवर पहिली ओळ तीच लिहिलीत: घडीची कमोड खुर्ची. गोळीचं नाव नंतर. त्याबद्दल पहिले आभार. या वयाच्या बायका ही गोष्ट कुणाकडे बोलत नाहीत, नुसत्या पाणी कमी पितात.

मग वंगणाचं. तुम्ही म्हणालात की हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत अस्तर, झिजते हे खरं, पण तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला सांधा दाबला जाऊन सुटावा लागतो, म्हणजे हलावा लागतो. पडून राहिलं की मांडीचे स्नायू सुकतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. शिवाय एक्स-रे जितका वाईट तितकंच दुखणं, असंही नसतं. हे ऐकून मला केवढं हायसं वाटलं! माझा एक्स-रे बघून आमच्याकडे सगळे सुतकी चेहऱ्याने फिरत होते.

पहिला व्यायाम तर अंथरुणातलाच. पाय सरळ, गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी, ती गुडघ्याने गादीत दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. तुम्ही माझीच बोटं गुडघ्याच्या वाटीच्या वर मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "इथे कडक लागलं पाहिजे." उजवीकडे लागलं. डावीकडे बोट रुतलं, जशी सैल भिजलेली कणीक. एवढ्या वर्षांत ती मांडी अशी झालीय हे मला कुणी दाखवलं नव्हतं. दुसरा प्रकार म्हणजे एक पाय दुमडून दुसरा सरळ फूटभर उचलून धरणं. तिसरा खुर्चीचा, तो मला सगळ्यात लागू पडला. आमची प्लास्टिकची खुर्ची बुटकी, म्हणून तिच्यावर दोन घट्ट उशा, हात छातीशी, आणि उठायचं-बसायचं. उठण्यापेक्षा बसण्याकडे तुमचं लक्ष. "धपकन नाही मावशी, सावकाश." जमायला लागलं तशी एक उशी काढायला लावलीत, मग दुसरी. टाचा उचलणं मात्र ओट्याला धरून, कणीक मुरत असताना. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, हे तुम्ही बरोबर हेरलंत.

यापेक्षाही मोलाचा तुमचा दुखण्याचा नियम. मी विचारलं होतं, "दुखलं तर थांबायचं ना?" तुम्ही म्हणालात, दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालू दे, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरून नेहमीइतकं झालं पाहिजे. नाही उतरलं तर बंद करायचं नाही, आकडा कमी करायचा: दहाचे सहा. आणि गुडघा एकाएकी सुजला, लाल-गरम झाला, ताप आला, अडकून बसला किंवा पाय दगा द्यायला लागला तर व्यायाम राहू दे, सरळ डॉक्टर गाठायचा. एवढ्या एका गोष्टीने माझी भीती गेली. आधी जरा कळ आली की वाटायचं, झिजलं अजून थोडं.

जिन्याचं गणितही पाठ आहे. सपाट चालताना गुडघ्यावर वजनाच्या अडीचपट भार येतो, जिना उतरताना तीनपटीच्या वर. म्हणून कठडा धरायचा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घेतली तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सिनेमात बरेचदा दुखऱ्या बाजूच्याच हातात दाखवतात, आता ते खटकतं. जागच्या जागी चालवायच्या सायकलीवर भार जेमतेम वजनाइतकाच येतो, फक्त सीट उंच हवी, पाय खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला. चौपाटीच्या मऊ वाळूत चालणं चांगलं असं सगळे सांगतात. तुम्ही म्हणालात, पाऊल रुततं, तिरकं पडतं, गुडघ्याला कष्ट जास्त. त्यापेक्षा पायऱ्यांचा पूल टाळून सिग्नलला रस्ता ओलांडा आणि मरीन ड्राइव्हच्या सपाट फरशीवर चाला, दमलात की कट्टा आहेच. तिथे बसून परत उठलात की खुर्चीचा व्यायामही होतो!

पाण्यात चालण्याचं तेवढं माझ्याने झालं नाही. फी, पोहण्याचा पोशाख आणि दुपारची ऑर्डर यांचा मेळ बसेना. पण तुमचं बोलणं वाया गेलं नाही. ठाण्याच्या नणंदेच्या सोसायटीत तलाव आहे, तिला सांगितलं की कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीइतक्यात त्याहून कमी. ती आता कठड्याला धरून फेऱ्या मारते आणि मला फोटो पाठवते.

वजनाबद्दल तुम्ही जपून बोललात, तेही लक्षात आहे. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो, एवढंच सांगितलंत, वर उपदेश नाही. दिवसभर तुपाच्या वासात उभ्या असणाऱ्या बाईला आणखी काय सांगणार? थोडं उतरलंय.

गुडघे बरे झाले, असं मी लिहिणार नाही, तुम्हालाही ते पटणार नाही. मांडी घालून बसणं गेलं ते गेलंच. परवा सत्यनारायणाला खुर्चीवर बसून पूजा ऐकली. पण तीन मजले आता मधे न टेकता चढते, आणि रात्री कुशीवर वळताना ओरडत नाही. पुढेमागे ऑपरेशन करावं लागलंच तरी मांडीत ताकद असलेली बरी, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून पंचा अजून उशाशीच असतो. केंद्रातल्या दोघीही माझं बघून टाचा उचलतात. एकीचा गुडघा दुखत नाही, कटकट वाजतो. नुसता वाजत असेल, दुखत-सुजत नसेल तर काळजी नाही, हे तुमचंच वाक्य मी तिला तुमच्याच थाटात ऐकवलं.

कुठे असाल तिथून एकदा केंद्रावर या. थालीपीठ गुरुवारी असतं, पुरणपोळी आदल्या दिवशी कळवलंत तर करून ठेवीन. पैसे घेणार नाही, आधीच सांगते. उगाच पर्स काढायची नाही.

तुमची,
डाव्या गुडघ्यावाली मावशी, गिरगाव